सिगरेट सोडली आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 31, हिंजवडीत नोकरी, आठ वर्षं सिगरेट ओढत होतात, दोन महिन्यांपूर्वी पूर्ण सोडली, आणि त्यानंतर ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांतून आणि उजव्या दाढांतून रक्त यायला लागलं. दुखत नाही. आधी कधीच येत नव्हतं. म्हणून त्या बाजूला ब्रश करणं कमी केलंत आणि व्हिटॅमिन सी च्या गोळ्या चालू केल्यात. क्लीनिंग करायला गेलात तर दात हलायला लागतात असं मावशी म्हणतात. आईचं वय 56, वर्षभरापासून बीपीची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू आहे, तिच्या पुढच्या दातांमधली हिरडी वाढल्यासारखी दिसते आणि शेजारचे म्हणतात उष्णता आहे.

मी हिरड्यांची डॉक्टर आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करते, आणि सगळ्यात आधी एकच सांगते की सिगरेट परत सुरू करू नका. हे आधी लिहितेय कारण रक्त बघून घाबरून लोक खरंच परत सुरू करतात, त्यांना वाटतं की सिगरेट होती तेव्हा हिरड्या चांगल्या होत्या. चांगल्या नव्हत्या हो. निकोटिनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, वर्षानुवर्षं ओढली की तिथलं रक्ताभिसरणच दबून जातं, पांढऱ्या पेशी सुद्धा नीट काम करत नाहीत, आणि मग प्लाक, म्हणजे दातांवरचा जंतूंचा चिकट थर, साचलेला असला, आत सूज असली, अगदी हाड झिजत असलं तरी बाहेर लाली दिसत नाही आणि रक्तही फारसं येत नाही. हिरडी फिकट, जाडसर आणि वरवर ठणठणीत दिसते. माझ्याकडे येणाऱ्या ज्या पेशंटचे दात पस्तिशी-चाळिशीत हलायला लागलेले असतात त्यांच्यात सिगरेटवाले भरपूर असतात आणि त्यातले बरेच जण सांगतात की डॉक्टर मला तर कधी रक्तच आलं नाही. सिगरेट सोडल्यावर काही आठवड्यांतच, म्हणजे साधारण महिना-दीड महिन्यात, हिरडीचा रक्तपुरवठा परत जागेवर यायला लागतो आणि जी सूज आधीपासून तिथे होतीच ती आता रक्ताच्या रूपाने दिसते. यावर अभ्यासही झालेले आहेत, सोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत रक्त येणं वाढतं, दात घासणं आधीपेक्षा सुधारलेलं असलं तरी वाढतं. तुमचा दोन महिन्यांचा हिशोब त्यात बरोबर बसतो. म्हणजे सिगरेट सोडल्यामुळे आजार झाला नाही, आजार होता तो आता दिसायला लागला, आणि तो दिसतोय तोवर बरा करता येतो.

आता हे रक्त येतं कुठून ते नीट समजून घ्या, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते पण अगदी कडेपर्यंत नाही, वरचा दोन-तीन मिलिमीटरचा भाग शर्टाच्या कॉलरसारखा दाताभोवती नुसता बसलेला असतो आणि त्या फटीत प्लाक जातो. प्लाक म्हणजे अन्नाचे कण नव्हेत, तो जिवंत जंतूंचा चिकट पांढरट थर असतो, नखाने दात खरवडला तर नखाखाली येतो तोच. दात घासल्यावर काही तासांत तो परत बसायला लागतो. पहिल्या दिवसांत त्यातले जंतू तसे साधे असतात, पण तो तिथेच राहू दिला तर दोन-तीन आठवड्यांत त्यात हवेशिवाय जगणारे, जास्त त्रासदायक जंतू वाढतात. त्यांच्या विषारी द्रव्यांना अडवायला शरीर तिथे जास्त रक्त पाठवतं, रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी जमा होतात, आणि फटीच्या आतल्या बाजूचं नाजूक अस्तर पातळ होऊन त्याला बारीक बारीक जखमा होतात. ब्रश त्या जखमांना लागतो आणि रक्त येतं. ब्रशने जखम केली असं आपल्याला वाटतं पण जखम आधीची असते. ब्रशने खरोखर ओरखडा पडला तर तो एकाच जागी, बाहेरून दिसणारा, चुरचुरणारा असतो आणि तीन-चार दिवसांत भरतो, रोज त्याच जागी महिनोन्महिने रक्त येत नाही.

प्लाकच मुख्य कारण आहे हे 1965 साली डेन्मार्कमध्ये हेराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी सरळ प्रयोगाने दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग परत नीट घासायला लावलं आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. मी हे पेशंटना नेहमी सांगते कारण यात दोन्ही गोष्टी आल्या, सूज किती लवकर येते आणि किती लवकर जाते. आणि म्हणूनच तुम्ही रक्त येतं त्या बाजूला ब्रश कमी केलात ते उलटं होतंय, तिथे प्लाक अजून साचतो, सूज अजून वाढते, मग अजून रक्त, मग माणूस अजून घाबरतो आणि ती बाजू अजून सोडतो. रक्त येतं तिथेच जास्त वेळ, जास्त हळुवार आणि जास्त नीट घासायचं. पहिले काही दिवस रक्त जास्त दिसेल, दिसू द्या.

खालच्या पुढच्या दातांतूनच का, याचं उत्तर म्हणजे किटण. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेत कॅल्शियम असतं, त्यामुळे खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला प्लाक लवकर कडक होतो, एक-दोन दिवसांतच कडक व्हायला सुरुवात होते. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तसंच, तिथे गालातल्या ग्रंथीची नळी उघडते. एकदा किटण झालं की ते ब्रशने निघत नाही, कुठल्याही पेस्टने निघत नाही, कोळशाच्या पावडरीने तर दाताचा वरचा थर घासला जातो आणि किटण तिथेच राहतं. आरशात जीभ मागे घेऊन खालच्या दातांची आतली बाजू बघा, पिवळट-तपकिरी दगडासारखी कड दिसली तर तेच, आणि सिगरेटवाल्यांचं तर काळपट असतं.

उजव्या दाढांचं न बघता सांगता येणार नाही. तिथे एखादी जुनी फिलिंग असेल जिची कड बाहेर आलीय, कॅप असेल जी हिरडीत रुतलीय, दोन दाढांच्या मध्ये अन्न अडकत असेल, अर्धवट आलेली अक्कलदाढ असेल. रक्त एकाच ठिकाणाहून येत असेल तर आम्ही आधी असं काहीतरी स्थानिक कारण शोधतो. सगळीकडून येत असेल तर मग एकूण स्वच्छता आणि शरीरातली इतर कारणं बघायची.

सूज ओळखायची कशी, हे घरी आरशात तुम्ही स्वतः बऱ्यापैकी बघू शकता. निरोगी हिरडी घट्ट असते, दाताजवळ तिची कड पातळ असते, दोन दातांमधला भाग टोकदार त्रिकोणी असतो, आणि बऱ्याच जणांच्या हिरडीवर बारीक खड्ड्यांचा पोत दिसतो. सुजली की कड जाड आणि गोलसर होते, त्रिकोण बोथट आणि फुगीर होतो, पोत जाऊन हिरडी तुकतुकीत दिसते, बोटाने दाबली तर मऊ लागते. रंग गुलाबीचा लाल होतो, जुनी सूज असेल तर जांभळट. पण रंगावर एकट्यावर जाऊ नका, आपल्याकडे खूप जणांच्या हिरड्यांवर जन्मतः तपकिरी-काळे पट्टे असतात, तो नुसता त्वचेसारखा रंग आहे, आजार नाही, आणि त्या रंगाखाली लाली लपूनही जाते. त्यामुळे मी रक्तालाच जास्त महत्त्व देते, रंग बदलायच्याही आधी रक्त यायला लागतं. सकाळी उशीवर किंवा थुंकीत लालसर दिसणं, सफरचंद किंवा पेरू चावल्यावर फळावर डाग, तोंडाला वास येणं, ही पण लक्षणं. वेदना मात्र यात नाहीच, आणि सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच होतो. कीड लागली की दाढ ठणकते, माणूस रात्री अकरा वाजता डॉक्टर शोधतो, पण हिरडीचा आजार वर्षानुवर्षं न दुखता पुढे सरकतो. दुखत नाही म्हणून थांबू नका, ही माझी तुम्हाला अगदी कळकळीची विनंती आहे.

आम्ही क्लिनिकमध्ये काय करतो, तर मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक बोथट सळई, तिला प्रोब म्हणतात, ती हिरडीच्या फटीत अगदी हलकी, साधारण 25 ग्रॅमच्या दाबाने फिरवतो. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. 28 दात धरले तर 168 जागा होतात, त्यातल्या 10 टक्क्यांपेक्षा कमी जागी रक्त आलं आणि फट 3 मिलिमीटरपर्यंतच असली तर हिरड्या निरोगी म्हणायच्या, 10 ते 30 टक्के असेल तर ठराविक जागची सूज, त्याच्या वर गेलं तर सगळीकडची. ही व्याख्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातली आहे. फट 4 मिलिमीटर किंवा जास्त निघाली की एक्सरे काढून हाड बघावं लागतं. कारण नुसती हिरडीची सूज पूर्ण बरी होते, मागे काही ठेवत नाही, पण ती खाली उतरून हाड झिजायला लागलं की त्याला आपल्याकडे पायोरिया म्हणतात आणि गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही, जेवढं आहे तेवढं टिकवायचं एवढंच हातात राहतं. तुम्ही आठ वर्षं सिगरेट ओढलीय म्हणून तुमच्या बाबतीत हे मोजमाप आणि एक्सरे टाळू नका, नुसतं दिसण्यावरून कुणी सांगितलं की काही नाही, तरी मोजून द्या म्हणा. आणि आठ वर्षं ओढत होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

मावशींचं म्हणणं. हे मी जवळजवळ रोज ऐकते आणि त्यांना दोष देत नाही, कारण त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलेलं असतं. होतं असं की वर्षानुवर्षं किटण साचून दातांमधल्या फटी त्यानेच बुजलेल्या असतात, हाड आधीच गेलेलं असतं आणि दात एकमेकांना त्या किटणानेच धरून ठेवलेले असतात. क्लीनिंगमध्ये ते निघालं की फटी दिसतात, दात हलतो ते जाणवतं, गार पाणी झोंबतं, आणि नाव क्लीनिंगचं होतं. दात सैल केले ते आधीच्या दहा-पंधरा वर्षांनी. मशीनचं टोक सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा कंप पावतं आणि त्या कंपाने किटण सुटतं, ते काही दात तासत नाही. झोंबणं थोडे दिवस राहतं आणि जातं. 31 व्या वर्षी तुमचं किटण काढलं तर दात हलायची भीती बाळगू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर पुण्यात डेंटल कॉलेजेस आहेत, धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, प्रायव्हेटपेक्षा स्वस्तात होतं, फक्त वेळ हातात ठेवून जा.

व्हिटॅमिन सी. त्याची खरी कमतरता असेल तर हिरड्या सुजून रक्त येतंच, खलाशांना याच कमतरतेने होणाऱ्या स्कर्व्ही या आजारावर लिंबू-संत्री चालतात हे जेम्स लिंड यांनी 1747 सालीच दाखवलंय. पण आपल्याकडे मोठ्या माणसाची रोजची गरज 65 ते 80 मिलिग्रॅम धरतात आणि 100 ग्रॅम पेरूतच 200 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, त्यामुळे फळं-भाज्या खाणाऱ्या तुमच्या वयाच्या माणसात हे कारण क्वचितच. गोळीने प्लाक निघत नाही. पेरू आणि आवळा खा, गोळ्यांचे पैसे क्लीनिंगला वापरा.

घरी काय करायचं. मऊ ब्रश घ्या, मीडियम-हार्ड नको. केस हिरडीच्या कडेवर 45 अंशात तिरके टेकवायचे, अर्धे दातावर अर्धे हिरडीच्या फटीकडे, आणि जागच्या जागी बारीक थरथरवायचे, मग दाताच्या टोकाकडे झाडून घ्यायचं. जोरात आडवं घासायचं नाही, त्याने दात मानेशी झिजतात आणि फटीतला प्लाक तसाच राहतो. सकाळी आणि रात्री, दोन-दोन मिनिटं, आणि एकच वेळ नीट जमणार असेल तर रात्रीची नीट करा. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू जवळजवळ सगळ्यांची सुटते. दोन दातांच्या मध्ये ब्रश जातच नाही, तिथे फ्लॉस, किंवा फट असेल तर इंटरडेंटल ब्रश, तो कुठल्या साइझचा हे डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या. क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश डॉक्टरांनी दिला तर दोन आठवडे ठीक, स्वतःहून महिनोन्महिने नाही, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, आणि पेस्टनंतर अर्ध्या तासाने वापरायचा नाहीतर पेस्टमधला फेस त्याचा असर कमी करतो. मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, करा, पण त्यांनी चिकट थर सुटत नाही. तुरटी, हळद, लवंगेचं तेल यांचंही तेच. उलट लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावून भाजलेल्या हिरड्या घेऊन लोक येतात.

क्लीनिंग झालं आणि असं घासलंत तर साधारण एक-दोन आठवड्यांत रक्त बरंच कमी व्हायला हवं. नाही झालं तर मग शरीरातली कारणं बघायची, आणि त्यात पहिली शुगर. डायबेटिस ताब्यात नसेल तर हिरड्या लवकर आणि जास्त सुजतात आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात राहायला अवघड जातं, दोन्ही बाजूंनी आहे ते. हिरड्यांचा नीट इलाज झाला तर तीन-एक महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, साधारण 0.3 ते 0.4 टक्क्याने उतरते असं अभ्यासांत दिसलंय. काही जणांची शुगर पहिल्यांदा सापडते ती हिरड्यांमुळे. गरोदरपणात हॉर्मोन्समुळे त्याच थोड्याशा प्लाकवर हिरडी फार जास्त सुजते, कधी छोटा लाल गोळाही येतो, आणि त्या काळात क्लीनिंग करता येतं, साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त जास्त वेळ येतं, पण त्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, अजिबात नाही.

काही वेळा मात्र क्लीनिंगची अपॉइंटमेंट बघत बसायचं नाही. पुण्यात दर पावसाळ्यात डेंग्यू असतोच, ताप आहे किंवा नुकताच उतरलाय आणि अचानक हिरड्यांतून रक्त येतंय तर तो धोक्याचा इशारा आहे, त्याच दिवशी फिजिशियनकडे जाऊन प्लेटलेट्स बघा. हिरड्या अचानक सगळीकडून फुगल्यात, आपोआप रक्त येतंय, सोबत थकवा, फिकटपणा, अंगावर निळे डाग, तर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, लगेच करायची, कारण ब्लड कॅन्सर कधीकधी आधी हिरड्यांत दिसतो. हिरडी भयंकर दुखतेय, दातांमधली टोकं कुरतडल्यासारखी गेलीत, उग्र वास आणि ताप, हा वेगळा जोरदार संसर्ग आहे, झोप नाही, ताण आणि सिगरेट असणाऱ्या तरुणांत होतो. आणि तोंडातली कुठलीही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचाच, तंबाखू, गुटखा किंवा मिश्री असेल तर दोन आठवडे सुद्धा थांबू नका.

आता आई. उष्णता वगैरे नाही, मला त्या गोळीचाच संशय जास्त येतोय. अ‍ॅम्लोडिपिन आणि त्याच गटातल्या निफेडिपिनमुळे काही जणांची हिरडी वाढते, फिट्सवरच्या फेनिटॉइनमुळे आणि किडनी बदललेल्यांना देतात त्या सायक्लोस्पोरिनमुळेही वाढते. सुरुवात बहुतेक पुढच्या दातांच्या मधल्या त्रिकोणांपासून होते, घट्ट गाठींसारखी, तुम्ही वर्णन केलंय तशीच. सगळ्यांना होत नाही आणि जिथे प्लाक जास्त तिथे जास्त होतं, म्हणून पहिला इलाज त्यांचंही क्लीनिंग आणि नीट ब्रशिंग, त्याने सुजेचा भाग उतरतो. मग डेंटिस्टकडून एक चिठ्ठी घेऊन बीपीच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना योग्य वाटलं तर ते दुसऱ्या गटातली गोळी देतील, आणि मग काही महिन्यांत वाढ बरीच ओसरते, उरली तर छोटी सर्जरी करून काढता येते. पण गोळी बदलायची का नाही ते फक्त त्यांनी ठरवायचं. हिरडीसाठी बीपीची गोळी एक दिवसही घरी बंद करू नका, बीपी उसळलं तर तो धोका हिरडीपेक्षा फार मोठा आहे. त्यांना मिश्री लावायची सवय आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या वयाच्या पुष्कळ बायकांना असते आणि त्या मुलासमोर सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, ती लावतात तिथली हिरडी खाली सरकते आणि चट्टे येऊ शकतात, त्यामुळे तपासणीच्या वेळी तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबा आणि डॉक्टरांना त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या. जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घाला, मागच्या सहा महिन्यांत शुगर केली नसेल तर ती करून रिपोर्ट सोबत न्या, आणि तुमची दोघांची अपॉइंटमेंट एकाच दिवशी घ्या म्हणजे त्या टाळणार नाहीत.